खुर्चीपासून उद्यापर्यंत: डिझाइन, संस्कृती आणि समाजातल्या बदलांवर फ्रीलान्स लेखन कसं करायचं

प्लास्टिकची एकसंध खुर्ची सगळ्यांनी पाहिलेली असते. पुढच्या वेळी समोर आली की ती उलटी करून बघा. बैठकीच्या खालच्या अंगाला, साधारण मध्यावर, एक छोटा गोल ठिपका दिसतो. बोटाला तो किंचित खडबडीत लागतो. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं ते इथून. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे साधारण २२० अंश सेल्सियसला वितळवायचे, दाबाने साच्यात सोडायचे आणि निवले की अख्खी खुर्ची एका तुकड्यात बाहेर काढायची. एकही स्क्रू नाही, एकही सांधा नाही. पाय पातळच असतो, पण तो काटकोनात दुमडलेला असतो, म्हणून माणसाचं वजन पेलतो. पाठीतल्या फटींमधून पाणी निघून जातं आणि तेवढं प्लास्टिकही वाचतं. फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी १९७२ मध्ये ‘फोतय ३००’ या नावाने अशी खुर्ची आणली. पुढे जगभरच्या कारखान्यांनी तिच्या असंख्य आवृत्त्या काढल्या.

इथपर्यंत डिझाइन झालं. ही खुर्ची एका हाताने उचलता येते, एकात एक रचता येते, म्हणून माणसं जिथे जमतात आणि तासा-दोन तासांत पांगतात तिथे ती पोहोचली. तिच्यावर बसलेला माणूस श्रीमंत की गरीब हे तिच्याकडे बघून कळत नाही. ही झाली संस्कृती. आणि पाय तडकला की ती दुरुस्त होत नाही, कारण सुटा करून बदलता येईल असा भागच तिच्यात नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीचा हक्क देणारा निर्देश मंजूर केला. दुरुस्तीची अपेक्षा अशी वाढत गेली, तर ‘एकसंध’ हा गुण गुणच राहील का? हा उद्याचा प्रश्न.

तिन्ही थर एका खुर्चीत आहेत. अनेक वर्षं या विषयांवर फ्रीलान्स लेखन करून मी एका मतावर ठाम झाले आहे: सुरुवात वस्तूपासून करायची. ‘बदलती जीवनशैली’ किंवा ‘नव्या पिढीची मानसिकता’ अशा शब्दांपासून निघालेला लेख वाचकाला कुठेच नेत नाही, कारण निघताना लेखकाच्याच हातात काही नसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच मतावर उभ्या आहेत.

१. विषय नको, प्रश्न घ्या

“मी डिझाइनवर लिहिते” असं सांगितलं की संपादकाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. “माणूस म्हातारा होत जातो तशा त्याच्या हातातल्या वस्तू कशा बदलतात, यावर मी लिहिते” असं सांगितलं की तो लगेच एखादं उदाहरण विचारतो. असा एक प्रश्न निदान वर्षभरासाठी धरा. दुरुस्ती, रांगेत थांबणं, एकट्याने राहणं, शांतता, मुलांचं खेळणं, यांपैकी कशाहीभोवती तो बांधता येईल. कसोटी एकच: त्या प्रश्नाने तिन्ही बाजूंचं साहित्य आपल्याकडे ओढून घेतलं पाहिजे.

म्हातारपणाचाच प्रश्न घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या लोकसंख्या अंदाजानुसार जगात ६५ आणि त्याहून जास्त वयाची माणसं तेव्हा १० टक्के होती आणि २०५० पर्यंत ती १६ टक्के होतील. ही पार्श्वभूमी. आता वस्तू. उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साल काढायचा पीलर नीट धरता येत नव्हता. त्यातून जाड, मऊ, रबरासारख्या मुठीची उपकरणं तयार झाली आणि १९९० मध्ये ऑक्सो कंपनीने ती ‘गुड ग्रिप्स’ नावाने बाजारात आणली. बोटं धडधाकट असलेल्यांनीही ती उचलून घेतली. पदपथाच्या कडेला असलेला उतारही असाच. तो चाकाच्या खुर्चीसाठी होता, पण बाबागाडी ढकलणारे, चाकांची बॅग ओढणारे, सामानाची गाडी नेणारे सगळे तोच वापरतात. मग नियम येतात: अपंगांनाही वस्तू आणि सेवा वापरता याव्यात यासाठीचा युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि त्यात एटीएम, तिकिटाची यंत्रं, ई-बुक, ऑनलाइन खरेदी हे सगळं येतं. एक प्रश्न धरला म्हणून पीलर, पदपथ आणि कायदा एका ओळीत आले. या प्रत्येकातून स्वतंत्र लेख निघतो, आणि तरी सगळे मिळून तुमची ओळख तयार करतात.

प्रश्न निवडताना स्वतःच्या गाठीला काय आहे तेही बघा. परिचारिकेचं काम केलेल्या माणसाला रुग्णालयातल्या खाटेबद्दल जे माहीत असतं ते डिझाइनची पदवी घेतलेल्याला माहीत नसतं. शिक्षक, शिंपी, गोदामात काम केलेला, लहान मूल वाढवणारी आई, यांच्याकडे असं भांडवल असतं आणि बहुतेकांना ते भांडवल वाटतच नाही.

२. टिपणवही, रोजची आणि तारखेसकट

या धंद्यात टिकायचं तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

रोज एक नोंद करा. पाच मिनिटं पुरतात. नोंदीत चार गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, वस्तू, माणसांचे हात काय करत होते ते, आणि आपल्या समजुतीच्या विरुद्ध जाणारं काही दिसलं असेल तर तेही. मत लिहू नका. मत नंतर सुचतं, पण तपशील त्याच दिवशी लिहिला नाही तर कायमचा जातो. माझ्या वहीतली ही एक नोंद:

“मंगळवार, सकाळी साडेनऊ. तिकिटाचं यंत्र. पडद्याच्या उजव्या कडेला चिकटपट्टीने लावलेली कागदाची पट्टी. पेनाने लिहिलंय: आधी इथे दाबा. खाली बाण, बाणाची रेघ दोनदा गिरवलेली. दहा मिनिटांत अकरा जण आले. सात जणांनी आधी पट्टी वाचली, मग पडदा. एका बाईंनी पट्टीवरच बोट दाबलं. पट्टीची खालची कड बोटांनी काळी पडली आहे. एक मुलगा, आठेक वर्षांचा, पट्टीकडे न बघता तिकीट काढून गेला.”

यात एकही मत नाही, तरी लेखाचं बीज आहे. पट्टी कोणीतरी स्वतःच्या हाताने लिहिली, म्हणजे रोज तोच प्रश्न ऐकून कोणी कर्मचारी कंटाळला असावा. काळी पडलेली कड सांगते की पट्टीवरच बोट दाबणाऱ्या त्या बाई एकट्या नव्हत्या. आणि शेवटचा मुलगा माझ्या समजुतीच्या आड येतो, म्हणून तो नोंदीत हवाच. यंत्रांवर, दारांवर, नळांवर हाताने लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या दिसल्या की थांबत जा. डिझाइन जिथे कमी पडलं तिथे माणसांनी स्वतः केलेली ती डागडुजी असते. आखलेला रस्ता सोडून पडलेली पायवाट, उशी बांधलेलं बाक, दोरीने उघडं धरलेलं दार हेही त्यातच आलं.

महिनाभराने वही वाचून काढा. एकच गोष्ट तीन वेगळ्या ठिकाणी भेटली असेल तर तिच्यापुढे खूण करा. पुढच्या पायरीला ती लागेल.

३. हा प्रवाह आहे की नुसती लाट?

भविष्यावरच्या लेखनाचं नाव खराब होतं ते इथे. नवी वस्तू दिसली की तिला ‘ट्रेंड’ म्हणायचं, तीन उदाहरणं जोडायची आणि “येत्या दशकात” असं म्हणून मोकळं व्हायचं. मी तीन शब्द वेगळे ठेवते. एखादी सुटी नवी गोष्ट म्हणजे संकेत. अनेकांनी एकदम उचललेली आणि तितक्याच लवकर ओसरू शकणारी गोष्ट म्हणजे लाट. माणसांच्या सवयी, पैसा आणि नियम तिन्ही एकाच दिशेने हळूहळू सरकत असतील, तरच प्रवाह.

हा फरक जुन्या उदाहरणांवर घोटून घ्यावा. एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या जागतिक मेळ्यात समोरच्याचा चेहरा दाखवणारा चित्रफोन दाखवला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू केली. तंत्रज्ञान तयार होतं. पण खर्च अवाच्या सवा होता, समोर कोणाकडे तसा फोन नव्हता आणि घरी फोन उचलताना आपण दिसावं असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. सेवा काही वर्षांत गुंडाळली गेली. २०२० मध्ये साथीमुळे माणसं घरात अडकली आणि तोच चेहरा दाखवणारा फोन शाळा, कचेरी, दवाखाना झाला. आता क्यूआर कोड बघा. डेन्सो या जपानी कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. पेटंट असूनही कंपनीने इतरांना तो वापरू दिला. तरी सामान्य माणसाच्या हातात तो यायला फोनमध्ये चांगला कॅमेरा यावा लागला आणि मग फोनवरून पैसे देण्याची सोय. उलट बाजूला सेगवे. २००१ च्या अखेरीस गाजावाजा करून आलेली ही दोन चाकांची गाडी शहरं बदलून टाकेल असं बोललं गेलं, आणि २०२० मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ती रस्त्यावर चालवायची की पदपथावर, हा साधा प्रश्न शेवटपर्यंत नीट सुटला नाही.

इन्स्टिट्यूट फॉर द फ्यूचर या संस्थेचे रॉय अमारा यांनी केलेलं निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडतं: तंत्रज्ञानाचा जवळचा परिणाम आपण फुगवून बघतो आणि लांबचा परिणाम कमी लेखतो.

म्हणून खूण केलेल्या प्रत्येक गोष्टीला हे प्रश्न विचारा. यासाठी पैसे कोण देतंय, आणि ते देणं थांबलं तर काय उरेल? यामुळे कोणती जुनी सवय सुटते? यासाठी आधी आणखी काय असावं लागतं: रस्ता, वीज, नियम, विश्वास? आणि कोण नकार देतंय? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. नकार देणाऱ्यांकडे बहुधा पक्कं कारण असतं, आणि लेखाचा सगळ्यात चांगला परिच्छेद कित्येकदा तिथेच मिळतो.

आणखी एक सावधगिरी. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे गट मांडले. पहिले २.५ टक्के धाडसी, पुढचे १३.५ टक्के लवकर स्वीकारणारे, मग ३४ आणि ३४ टक्क्यांचे दोन मोठे गट आणि शेवटी १६ टक्के. आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण डिझाइनवर लिहिणारे, त्यांचे संपादक आणि दोघांचे मित्र बहुतेक वेळा पहिल्या दोन गटांतले असतात हे लक्षात ठेवा. आपल्या ओळखीतल्या सगळ्यांकडे एखादी वस्तू आहे, याचा अर्थ आपली ओळख मर्यादित आहे एवढाच होतो.

संकेत कुठे शोधायचे? कंपन्यांच्या प्रेस नोट सगळ्यांकडेच येतात, त्यामुळे त्यांत तुमचं असं काही नसतं. त्यापेक्षा संथ आणि कंटाळवाणी कागदपत्रं वाचा. पेटंटचे अर्ज साधारणपणे दाखल केल्यापासून १८ महिन्यांनी खुले होतात. कंपन्या कशावर पैसा खर्च करत होत्या ते तिथे दिसतं. मानकं आणि नियमांचे मसुदे वाचा: युरोपीय संघात फोन आणि इतर छोट्या उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून चार्जिंगसाठी यूएसबी-सी पोर्ट बंधनकारक झाला, पण त्यावरची चर्चा कित्येक वर्षं उघड्यावर चालू होती. माणसं कशाला महत्त्व देतात हे देशोदेशी विचारणारं, १९८१ पासून चालू असलेलं जागतिक मूल्य सर्वेक्षण, देशोदेशींच्या जनगणना, लोक दिवसाचे तास कसे घालवतात याची सर्वेक्षणं, हे सगळं सोनं आहे. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशिनवर एखाद्या कंपनीचं दहा वर्षांपूर्वीचं पान उघडून तेव्हाचे शब्द आणि आजचे शब्द शेजारी ठेवून बघा. लोक गूगलवर काय किती शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स वापरत असाल तर त्याचा आलेख ० ते १०० अशा सापेक्ष मापावर असतो हे विसरू नका. १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, त्या काळातला सर्वोच्च बिंदू. ही चूक छापील लेखांतही पुन्हा पुन्हा दिसते.

संग्रहालयं मात्र उशिरा पोहोचतात. जपानी डिझायनर शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेल्या १७६ इमोजींचा संच न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६ मध्ये आपल्या संग्रहात घेतला. तोवर अवघं जग इमोजींत बोलायला लागलं होतं. संग्रहालयाचा निर्णय म्हणजे बदल स्थिरावल्याची पावती, आणि मागे वळून बघणाऱ्या लेखासाठी ते उत्तम निमित्त असतं.

४. कोणाशी बोलायचं

सुरुवातीच्या काळात मी एका नियतकालिकाला बसण्याच्या सार्वजनिक जागांवर लेख दिला. दोन वास्तुरचनाकार आणि एका प्राध्यापकाशी बोलले होते, भाषा घोटून लिहिली होती. संपादक बाईंनी फोन करून एवढंच विचारलं, “या बाकांवर बसणारं कोणी भेटलं का तुम्हाला?” कोणीच भेटलं नव्हतं. लेख परत आला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्या बाकावर दोन तास बसले. मधोमध बसवलेल्या लोखंडी दांड्यामुळे कोणाला आडवं होता येत नाही हे मी लिहिलंच होतं. पण एका आजोबांनी दाखवलं की उठताना ते त्याच दांड्याचा आधार घेतात. आडवं होऊ पाहणाऱ्याला हाकलणारी वस्तू उठू पाहणाऱ्याला हात देत होती. हे गुंतागुंतीचं सत्य मला कोणत्याही तज्ज्ञाकडून मिळालं नसतं.

तेव्हापासून माझी यादी ठरलेली आहे: ज्याने वस्तू आखली, ज्याने बनवली, जो वापरतो, जो साफ करतो, जो दुरुस्त करतो आणि ज्याने वापरायचं नाकारलं. सहाही जण प्रत्येक वेळी मिळत नाहीत, चार तरी मिळवा. डिझायनरला “प्रेरणा कुठून मिळाली?” असं विचारू नका, त्याचं ठरलेलं उत्तर तयार असतं. “यातून काय काढून टाकावं लागलं?” असं विचारा. काढून टाकलेल्या गोष्टींमागे खर्च, भांडण, वेळ, नियम असं सगळं असतं. साफ करणाऱ्याला विचारा, घाण कुठे साठते. दुरुस्त करणाऱ्याला विचारा, आधी काय मोडतं.

रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या. नाव छापायचं की नाही हे बोलणं सुरू होण्याआधीच ठरवा. ज्यांना माध्यमांशी बोलायची सवय नाही, त्यांना आपलं वाक्य कसं छापलं जाणार आहे ते वाचून दाखवायला मी मागेपुढे बघत नाही.

५. प्रस्ताव

लेख लिहून मग गिऱ्हाईक शोधू नका. आधी प्रस्ताव पाठवा. १५० ते २०० शब्द, ईमेलच्या अंगातच, जोडपत्र नको. त्या नियतकालिकाचे मागचे चार-पाच अंक वाचलेले असायला हवेत, आणि प्रस्ताव त्यातल्या नेमक्या कोणत्या सदरासाठी आहे तेही सांगायला हवं.

कच्चा प्रस्ताव असा दिसतो: “डिजिटल युगात माणसाचं यंत्राशी असलेलं नातं कसं बदलत आहे, यावर लेख लिहू इच्छिते.” हे कोणीही लिहू शकतं, म्हणून ते तुम्हालाच द्यावं असं संपादकाला वाटत नाही.

पक्का प्रस्ताव असा: “तिकिटाच्या यंत्रांवर कर्मचारी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवतात. गेल्या दोन महिन्यांत मी अशा २३ चिठ्ठ्या टिपल्या. त्यांतल्या बहुतेक फक्त पहिल्या पायरीबद्दल आहेत: कुठे दाबायचं. या लेखात मी चिठ्ठी लिहिणारा एक कर्मचारी, पडद्याची रचना करणारी एक डिझायनर आणि ती वाचून तिकीट काढणारे तीन प्रवासी यांच्यामार्फत हे दाखवेन की खिडकीमागचा माणूस काढून टाकला, तरी त्याचं काम कागदाच्या पट्टीवर उरतं. सुगम्यतेचे नवे नियम लागू होत असताना हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा आहे. १,८०० शब्द, तीन आठवडे. दोघांनी बोलायचं कबूल केलं आहे.”

दृश्य, स्वतःचं काम, युक्तिवाद, आत्ताच का, किती शब्द, कधी. एवढं पुरतं. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा आणि पुढे दुसरीकडे पाठवा. एकच प्रस्ताव एकाच वेळी दोघांना पाठवणार असाल तर तसं दोघांनाही सांगा.

मासिकं आणि पुरवण्यांखेरीज संग्रहालयांच्या पुस्तिका, व्यावसायिक नियतकालिकं, संशोधन संस्थांचे अहवाल, कंपन्यांची अंतर्गत प्रकाशनं इथेही हे काम मिळतं आणि तिथे मानधन कित्येकदा बरं असतं. मात्र ज्या कंपनीकडून पैसे घेतले तिच्या वस्तूवर स्वतंत्र लेख लिहायचा नाही. लिहावाच लागला तर संपादकाला आणि वाचकाला तसं स्पष्ट सांगायचं.

६. लिहिताना

सोबत छायाचित्र नाही असं समजून वस्तूचं वर्णन लिहा. हात लागतो त्या क्रमाने जा: वजन, पृष्ठभाग, सांधे, आवाज, मग आकार. रंग सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यांना दिसतोच. ‘सुंदर’, ‘आकर्षक’, ‘अभिनव’, ‘क्रांतिकारी’, ‘युजर फ्रेंडली’ हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर येऊ द्या, दुसऱ्या मसुद्यात प्रत्येकाच्या जागी तो शब्द का सुचला ते लिहा. ‘आकर्षक दांडा’च्या जागी ‘अंगठ्याला आपोआप जागा सापडेल असा दांडा’ आला की वाचकाच्या हाताला तो जाणवतो.

संस्कृतीबद्दल लिहिताना ‘आजची पिढी’, ‘समाज’, ‘लोक’ या कर्त्यांवर नजर ठेवा. कोणते लोक? किती? कुठे? उत्तर देता येत नसेल तर वाक्य आपल्याला खरंच दिसलेल्या माणसांपुरतं लहान करा. लहान झालेलं वाक्य हमखास अधिक विश्वासार्ह वाटतं.

भविष्याच्या भागात क्रियापद जपून वापरा. ‘होईल’ असं लिहिण्याऐवजी कोणत्या अटीवर होईल ते लिहा. तेल कंपनी शेलमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर वॅक आणि त्यांचे सहकारी एकच अंदाज बांधण्याऐवजी वेगवेगळ्या शक्यतांची चित्रं रंगवत होते. १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा त्या शक्यतेचा विचार तिथे आधीच झालेला होता. लेखकाला इतका पसारा लागत नाही. अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठातले भविष्य-अभ्यासक जिम डेटर यांनी भविष्याबद्दलच्या कल्पना चार साच्यांत बसवल्या: आहे तीच वाढ चालू राहणं, कोसळणं, मर्यादा स्वीकारून शिस्तीत जगणं आणि मुळातून रूपांतर होणं. तुमचा विषय चारही साच्यांत घालून बघा. प्लास्टिकची खुर्ची वाढीच्या जगात आणखी स्वस्त होते, कोसळलेल्या जगात तारेने बांधून वापरली जाते, शिस्तीच्या जगात तिच्यावर कर बसतो, रूपांतराच्या जगात ती कदाचित वेगळ्याच पदार्थाची असते. चारही लेखात घालायची गरज नाही. चारही मनात असली की त्यातल्या एकीवर लिहितानाही हात सावध राहतो.

रचनेबद्दल एकच सांगते. आकडेवारी सुरुवातीला ओतू नका. वाचकाला आधी एक माणूस आणि एक वस्तू दिसू द्या, मग आकडा आला की तो त्या माणसाला चिकटतो.

७. तपासणी

डिझाइनच्या क्षेत्रात गोड दंतकथांचा सुळसुळाट आहे. “लोकांना काय हवं असं विचारलं असतं तर ते वेगवान घोडा म्हणाले असते” हे वाक्य मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांच्या नावावर सर्रास खपवलं जातं. ते असं म्हणाल्याचा पुरावा नाही. क्वर्टी, म्हणजे नेहमीचा इंग्रजी कळफलक टंकन मुद्दाम संथ करण्यासाठी आखला, हीसुद्धा अशीच पसरलेली गोष्ट. क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला आव्हान देऊन तारयंत्रावर काम करणाऱ्यांच्या गरजांकडे बोट दाखवलं आहे. जी गोष्ट ऐकताक्षणी लेखात घालावीशी वाटते, ती आधी तपासा.

मसुद्याची एक प्रत घ्या आणि प्रत्येक नाव, साल, आकडा, अवतरण अधोरेखित करा. समासात प्रत्येकाचा मूळ स्रोत लिहा. कोणाच्या लेखात वाचलं हा स्रोत होत नाही, मूळ अहवाल किंवा मूळ माणूस हवा. ही प्रत लेखासोबत पाठवली तर संपादक पुढच्या वेळी तुमचा ईमेल आधी उघडतात, हा माझा अनुभव आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरलं असेल तर ते कशासाठी हे सांगा, आणि त्याने दिलेलं एकही साल किंवा अवतरण न तपासता ठेवू नका.

८. करार, मानधन, हक्क

काम सुरू होण्याआधी निदान एका ईमेलमध्ये हे लेखी यायला हवं: शब्दसंख्या, मुदत, मानधन, ते किती दिवसांत मिळणार, किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या, प्रवासाचा खर्च कोणाचा, आणि लेख मागवून मग छापला नाही तर काय मिळणार. शेवटच्या मुद्द्याबद्दल विचारायला नवे लेखक बिचकतात. विचारा. मानधन ‘प्रसिद्ध झाल्यावर’ असं असेल तर ‘लेख स्वीकारल्यावर’ असं करून मागा, कारण अंक पुढे ढकलला गेला तर तुमचं बिलही लोंबकळत राहतं.

हक्कांचं कलम दोनदा वाचा. लेखनाच्या हक्कांबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील देशांमध्ये लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क नोंदणीशिवाय आपोआप असतो. तो तुम्ही सही करून देता तेव्हाच जातो. फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क द्या, ठरावीक काळानंतर लेख पुन्हा वापरायची, भाषांतर करायची मोकळीक स्वतःकडे ठेवा. ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी’ असं लिहिलेलं असेल तर त्याची वेगळी किंमत मागा. छायाचित्रांचे हक्क कोण मिळवणार हेही आधीच ठरवा.

९. छापून आल्यावर

एक वेगळी वही करा. लेखात उद्याबद्दल जे जे म्हटलंत ते वाक्य, तारीख आणि ते चुकीचं ठरलं असं कधी मानायचं, एवढं त्यात उतरवा. दर वर्षी उघडून बघा. माझ्या वहीत चुकलेल्या नोंदी पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी दिशा बरोबर होती, वेग मी फुगवला होता. तेव्हापासून मी मुदती लांब धरते. चुकलेल्या अंदाजावर प्रामाणिकपणे लिहिलेला लेखही विकला जातो, आणि वाचक तो आवडीने वाचतात.

आणि जिथून लेख उचलला तिथे परत जा. चिठ्ठ्यांवरचा लेख छापून आल्यावर काही महिन्यांनी मी त्याच तिकिटाच्या यंत्रापाशी गेले. कागदाची पट्टी गेली होती. तिच्या जागी छापील स्टिकर होता. शब्द तेच, बाणही तोच, दोनदा गिरवल्यासारखा जाड, आणि अक्षरं मोठी. खालची कड अजून स्वच्छ होती. मी तारीख घातली, दहा मिनिटं थांबून माणसं मोजली आणि खाली लिहिलं: स्टिकर कोणी मागवला आणि मूळ पट्टी लिहिणाऱ्याला ते ठाऊक आहे का, विचारायचं.